सांतियागोचा मासा आणि नोंदवही

मुदखेडहून समुद्र सहाशे किलोमीटरवर आहे. आमच्या आठवडी बाजारात तो येतो तो सुकट आणि बोंबलाच्या रूपाने, पोत्यात भरून, आणि पोते दिसण्याआधी त्याचा वास पोचतो. बाकी आमचे मासे म्हणजे मरळ, वाम, राहू, कटला. गोदावरीतून, तळ्यांतून, धरणांच्या साठ्यातून भोई समाजाची माणसे ते धरून आणतात. अशा गावच्या माणसाने खोल समुद्रातल्या महाकाय माशांच्या शिकारीवर बोलावे, हे ऐकणाऱ्याला थोडे विचित्र वाटेल. पण श्रोतेहो, मराठी वाचणाऱ्या माणसाची या माशांशी ओळख फार पूर्वी झालेली आहे. ती करून दिली पु. ल. देशपांडे यांनी.

अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी १९५२ साली आली. १९५३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९५४ साली लेखकाला नोबेल. पुलंनी ती १९६५ साली मराठीत आणली आणि तिचे नाव ठेवले 'एका कोळियाने'. हे नाव मला नेहमीच मूळ नावापेक्षा सरस वाटत आले आहे. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा. खाली पडून पुन्हा वर चढणाऱ्या त्या दुसऱ्या कोळ्याची कविता आपण सगळेच शाळेत घोकलेली. म्हातारा सांतियागो हा या दोन्ही अर्थांनी कोळी आहे. इंग्रजी भाषेत ही सोय नाही.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चौऱ्याऐंशी दिवस म्हाताऱ्याला मासा मिळत नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी तो एकटा खोल पाण्यात जातो आणि त्याच्या गळाला अठरा फुटांचा मार्लिन लागतो. होडीपेक्षा मासा दोन फुटांनी लांब. दोन रात्री झुंज चालते. शेवटी मासा मरतो, पण किनाऱ्याकडे येताना मुशी त्याचे लचके तोडतात आणि म्हाताऱ्याच्या हाती उरतो फक्त सांगाडा. नांदेडला बी. ए. करताना मी हे पुस्तक दोन रात्रींत वाचले. ही गोष्ट कोळ्याची आहे, पोटाची आहे. ती लिहिणारा मात्र कोळी नव्हता. ज्या खेळात श्रीमंत माणसे मोठ्या बोटींतून मार्लिनच्या मागे जात, त्या खेळातला तो नामांकित खेळाडू होता. इतकेच नव्हे, त्या खेळाचे नियम लिहिणाऱ्या आणि विक्रमांची वही सांभाळणाऱ्या संस्थेचा तो अनेक वर्षे उपाध्यक्ष होता. आणि गंमत अशी, की त्या वहीच्या नियमांप्रमाणे सांतियागोचा मासा बाद ठरतो. ते कसे, हे कळायला या खेळाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल.

त्याआधी एक शब्दाची गोष्ट. आमच्या घरात दखनी बोलली जाते. दखनीत आणि उर्दूत मासे धरायला जाणे म्हणजे 'मछली का शिकार'. तळ्यावर गळ टाकून बसलेले पोरगेही शिकारीलाच गेलेले असते. बाहेर मराठीत तेच पोरगे मासे धरायला जाते. कोकणात गेलात तर ते गरी घेऊन गरवायला जाते. पण या तिन्ही बोलींत मासा धरण्याचा शेवट चुलीवर होतो. मासा हा 'खेळाचा मासा' असू शकतो, ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याच बोलीने स्वतःहून काढलेली नाही. इंग्रजीतल्या 'गेम फिश'ला मराठीत अजून प्रतिशब्द नाही, आणि तो नसावा याचे मला वाईटही वाटत नाही.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ. तिथल्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे हौशी लोक जाड दोर आणि मोठाले गळ टाकून मासे नुसते खेचून काढत आणि धक्क्यावर ढीग लावत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या निसर्गलेखकाला ते बघवेना. त्याचे म्हणणे असे, की माशाला निसटण्याची संधी द्या, बारीक दोरी वापरा, लवचीक काठी वापरा. १ जून १८९८ रोजी त्याने स्वतः तसे करून दाखवले. काठी आणि रिळाच्या जोरावर १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोंचा निळ्या पंखांचा टुना त्याने काढला. टुना म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कुप्याचा थोरला भाऊ. त्याच वर्षी बेटावरच्या अ‍ॅव्हलॉन गावात 'टुना क्लब' स्थापन झाला. खोल समुद्रातल्या शिकारीचा लिखित कायदा सुरू होतो तो इथून.

पण बारीक दोरीने मोठा मासा धरायचा तर रीळ तसे हवे. त्या काळच्या रिळाची मूठ थेट दोरीच्या चाकाला जोडलेली असे. मासा पळाला की दोरीबरोबर मूठही उलटी गरगर फिरे आणि धरणाऱ्याची बोटे फोडून काढी. यावर उपाय म्हणून विल्यम बोशेन या शिकाऱ्याच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम होफ याने रिळाच्या पोटातच ब्रेक बसवला. मासा ओढील तेव्हा दोरी ताण धरून सुटत राहील, मूठ मात्र जागची हलणार नाही. आपल्या विहिरीवरच्या रहाटाला असा ब्रेक असता तर किती जणांचे हात वाचले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. १९१३ साली बोशेनने या रिळावर ३५५ पौंडांचा तलवार मासा काढला. काठीने तलवार मासा काढल्याची ती पहिली नोंद. पुढचा सगळा इतिहास त्या ब्रेकवर उभा आहे. तो नसता तर हजार पौंडांच्या माशाशी माणसाने काठी घेऊन भिडण्याचा प्रश्नच नव्हता.

मग आले लेखक. काउबॉयच्या कादंबऱ्यांवर अमाप पैसा मिळवलेला झेन ग्रे मूळचा दातांचा डॉक्टर. १९२६ साली तो न्यूझीलंडच्या समुद्रात उतरला, तिथल्या माशांवर पुस्तक लिहिले. १९३० साली ताहितीजवळ त्याने १,०४० पौंडांचा, म्हणजे ४७२ किलोंचा मार्लिन काढला. हजार पौंडांच्या वरचा काठीने काढलेला तो पहिला मासा मानतात. पण त्या माशाचाही थोडा भाग मुशींनी तोडला होता. ही गोष्ट लक्षात असू द्या.

हेमिंग्वे या खेळात आला १९३० नंतर. १९३४ साली त्याने ब्रुकलिनच्या कारखान्यातून 'पिलार' नावाची ३८ फुटी बोट करून घेतली आणि क्यूबाचा समुद्र पिंजून काढला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीचे दोन जण, चार्ल्स कॅडवॅलडर आणि हेन्री फाउलर, त्याच्याकडे क्यूबात आले. मार्लिनच्या जाती नेमक्या किती, हे तेव्हा शास्त्रज्ञांनाही नीट माहीत नव्हते. पकडलेले मासे बघायला मिळणे हाच मोठा लाभ. पुढच्या वर्षी फाउलरने एका माशाच्या जातीला हेमिंग्वेचे नाव दिले. हा मासा मार्लिनसारखा भव्य नाही, तळाशी राहणारा काटेरी, लहानसा आहे. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याच्या नावावर एवढासा मासा, याचे मला हसू येते.

१९३६ च्या एप्रिलमध्ये हेमिंग्वेने 'एस्क्वायर' मासिकात एक लेख लिहिला. त्यात एका क्यूबन कोळ्याचा काही ओळींचा प्रसंग आहे. म्हाताऱ्याला मोठा मार्लिन लागतो, मासा होडी लांब समुद्रात ओढून नेतो, मुशी मासा खाऊन टाकतात. सोळा वर्षांनी याच बीजाचे पुस्तक झाले. म्हणजे खेळायला गेलेल्या माणसाने पोटासाठी गेलेल्या माणसाची हकिकत ऐकली आणि ती जपून ठेवली.

या दोन माणसांमधली भिंत १९३९ साली नियमात उतरली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये त्या वर्षी 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' स्थापन झाली. पुढाकार मायकल लर्नर या व्यापारी शिकाऱ्याचा. तोवर जो तो आपापला मासा मोजायचा. आता जगभरासाठी एक वही झाली. तिचे नियम कडक आहेत. मासा काठी आणि रिळानेच धरलेला हवा, हाताने ओढलेल्या दोरीने नव्हे. गळ लागल्यापासून मासा बोटीशी येईपर्यंत काठीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आणि बोटीवर येण्याआधी मुशीने किंवा दुसऱ्या माशाने त्याचे मांस तोडले असेल तर तो बाद. कारण जखमी मासा पुरते लढत नाही, मग लढाई बरोबरीची कशी?

नियम खेळाच्या हिशेबाने योग्यच आहे. पण त्यात सांतियागोला ठेवून पाहा. दोरी हाताची, रीळ नाही. मासा मुशींनी खाल्लेला. एकटा असल्यामुळे मदतीचा नियम तेवढा त्याने पाळला आहे, तोही नाइलाजाने. दोन कलमांवर मासा बाद. ज्या माणसाने संस्थेत उपाध्यक्षपद भूषवले, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या पुस्तकात असा मासा निवडला, जो त्याच्याच संस्थेच्या वहीत चढू शकला नसता. हे त्याला कळत नव्हते असे मी मानणार नाही. वहीबाहेरचा मासाच त्याला लिहावासा वाटला.

वहीत चढलेला सर्वांत मोठा मार्लिनही याच काळातला. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातल्या काबो ब्लांको इथे आल्फ्रेड ग्लासेल या तेलव्यापाऱ्याने १,५६० पौंडांचा काळा मार्लिन काढला. ७०८ किलो. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तो विक्रम अजून अबाधित आहे. त्या झुंजीचे चित्रीकरण झाले होते. १९५८ साली स्पेन्सर ट्रेसीला घेऊन सांतियागोचा चित्रपट निघाला, तेव्हा ग्लासेलच्या माशाची दृश्ये त्यात वापरली गेली. म्हणजे पडद्यावर गरीब कोळ्याच्या गळाला जो मासा उसळ्या घेताना दिसतो, तो एका तेलव्यापाऱ्याच्या रिळावरचा आहे.

आपल्याकडे खेळाचा मासा ही कल्पना इंग्रजांबरोबर आली आणि ती समुद्रावर न जाता नदीवर गेली. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिले आणि महसीर हा साहेबांचा मासा झाला. १९४६ साली म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत व्हॅन इंजेन यांनी १२० पौंडांचा महसीर धरला. हे घराणे वाघबिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरून देण्याबद्दल प्रसिद्ध होते. दख्खनच्या महसीराला शास्त्रीय नाव मिळाले ते त्याही आधी, १८३९ साली. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे तपासले आणि स्थानिक लोक ज्या नावाने हाक मारत, तेच 'खुदरी' लॅटिनमध्ये घालून टाकले. आज जगभरचे शास्त्रज्ञ 'टॉर खुदरी' म्हणतात. भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडचा शब्द असा वहीत गेला, बोलणाऱ्यांची नावे मात्र गेली नाहीत. पुढे धरणांनी या माशाच्या वाटा अडवल्या, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ १९७० नंतर त्याची पैदास सुरू केली.

समुद्रातल्या मार्लिनचा आणि मराठी माणसाचा शेजार मात्र एका ठिकाणी खरोखर आहे. ते ठिकाण मॉरिशस. १८३४ पासून करारावर ऊसमळ्यांत मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि साताऱ्याकडचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्हा. मराठी वस्ती तिथे जुनी आहे, आणि खोल समुद्रातल्या शिकारीचे जगप्रसिद्ध बंदरही तेच. कारण भूगोलात आहे. ल मॉर्नच्या डोंगराखाली किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम शेकडो मीटर खोल जातो. ज्या माशासाठी दुसरीकडे दिवसभर बोट चालवावी लागते, तो इथे किनारा दिसत असताना लागतो. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी तापू लागले की मार्लिनचा हंगाम सुरू होतो.

मॉरिशसचा एक रिवाज मला फार महत्त्वाचा वाटतो. पाहुणा बोटीचे भाडे देतो, खुर्चीत बसून झुंजतो, फोटो काढतो. पण मासा परंपरेने बोटीचा. तो बाजारात विकला जातो, त्याचे धुरी दिलेले पातळ काप बेटाचे आवडते खाणे आहे. म्हणजे एकाच माशात पाहुण्याचा खेळ आणि खलाशाची भाकरी दोन्ही बसतात. अमेरिकेने उलटी वाट धरली. १९८८ पासून तिथे अटलांटिकातला मार्लिन विकताच येत नाही. धरा आणि सोडा, हा तिथला शिष्टाचार. कुणाचे बरोबर? मला विचाराल तर माशाच्या बाजूने अमेरिका आणि माणसाच्या बाजूने मॉरिशस, आणि असे दोन तुकडे करून उत्तर द्यावे लागते हेच मला खटकते.

इथे मला हजच्या एका नियमाची आठवण होते. इहराम बांधलेल्या यात्रेकरूला जमिनीवरच्या प्राण्याची शिकार वर्ज्य आहे. समुद्रातली शिकार मात्र त्याला मोकळी, कारण ती त्याची आणि वाटसरूंची शिदोरी मानली आहे. परवानगी दिली आहे ती भुकेला. गंमत म्हणून मासा दमवून सोडण्याचा विचार त्या वाळवंटात कुणाला शिवला नसणार.

बरे, सोडलेला मासा जगतो का? शास्त्रज्ञांनी हे तपासले आहे. माशाच्या पाठीत उपग्रहाशी बोलणारी खूण बसवून २००५ साली पांढऱ्या मार्लिनवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सरळ दांड्याच्या गळाने धरून सोडलेल्या माशांपैकी सुमारे एक तृतीयांश नंतर मेले. टोक आत वळवलेल्या गोल गळाने धरलेले मात्र वाचले. गोल गळ पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, एवढाच फरक. २००८ पासून अमेरिकेने अटलांटिकातल्या अशा माशांच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिष लावायचे असेल तर गोल गळच सक्तीचा केला. तेव्हा नुसते 'सोडून दिला' म्हणून भागत नाही. लोखंडाच्या एका वळणावर माशाचा जीव असतो.

पण सर्वांत जास्त मार्लिन ना या शिकाऱ्यांनी मारले, ना सांतियागोंनी. जपानी बोटी १९५२ पासून हिंदी महासागरात उतरल्या. मैलोन्मैल दोरी, तिला हजारो गळ. त्यांना हवा असतो टुना, मार्लिन आपोआप लागतो. १९९१ साली भारत सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे धोरण जाहीर करून परदेशी कंपन्यांच्या भागीदारीला दार उघडले, तेव्हा आपले किनाऱ्यावरचे मच्छीमार रस्त्यावर आले. केरळचे फादर थॉमस कोचेरी या लढ्यात पुढे होते. १९९४ साली देशभर बंद झाला, १९९५ साली मुरारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल मच्छीमारांच्या बाजूचा होता. कोकणच्या कोळ्याच्या जाळ्यात अधूनमधून मार्लिन येतो, पण त्यासाठी वही नाही. तो धक्क्यावर लिलावात जातो. अंदमानात मात्र गेल्या दोन-अडीच दशकांत पाहुण्यांच्या शिकारी बोटी सुरू झाल्या आहेत. तिथे मासा बहुतेक वेळा परत पाण्यात जातो.

या साऱ्या खेळाची एक जमेची बाजू माझ्यासारख्या समुद्रापासून लांब राहणाऱ्यालाही मान्य करावी लागते. १९५४ साली फ्रँक मॅदर या शास्त्रज्ञाने वुड्स होल इथून शिकाऱ्यांना हाताशी धरले. मासा सोडताना त्याच्या पाठीत नंबर असलेली एक बारीक खूण खोचा, ठिकाण आणि तारीख कळवा, एवढेच त्याचे मागणे. विक्रमाची वही नव्हे अशी ही दुसरी वही. तीत वजनाला महत्त्व नाही, मासा कुठून कुठे गेला याला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअरजवळ, १९९० च्या दशकात एक निळा मार्लिन असाच खूण लावून सोडला होता. अटलांटिक ओलांडून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून तो हिंदी महासागरात आला. सुमारे तीन वर्षांनी, जवळपास १५,००० किलोमीटरवर, मॉरिशसजवळ तो पुन्हा पकडला गेला. खूण तेव्हाही त्याच्या पाठीत होती, आणि नंबर वाचता येत होता.